शेवटच्या शिटीची तालीम

वडशाच्या नाटक कंपनीत संघपाल आवाज सांभाळायचा. ढग, घोडे, बंदुका, सगळं त्याच्या जुन्या गेमिंग लॅपटॉपात. कळफलक असा लाल पेटायचा की खलनायकच येतोय असं वाटावं. चाल मात्र बैलगाडीची. गेल्या हंगामात शेवटच्या प्रवेशात फलाटावरची आई रेल्वेची शिटी ऐकून कोसळायची, पण शिटीच येईना. ताटकळलेल्या आईला प्रेक्षक ओरडायचे, "गाडी लेट हाय, बाई!"

मालक गुणवंतरावांनी बजावलं, "यंदा लोक हासले तं नागपूरचा ऑपरेटर आणतो."

संघपालनं छोटी एसएसडी आणून कॅशिंग बसवायला घेतलं. मोठी हार्ड डिस्क म्हणजे सामानाची पेटी, एसएसडी म्हणजे विंग. एकदा-दोनदा लागलेली वस्तू पुढच्या वेळी विंगेत हाताशी तयार. पण एक सेटिंग बदललं आणि विंडोज सुरूच होईना. पूर्ववत केलं, तर कॅशिंग होईना. शेवटी विंडोज पुसून नव्यानं टाकलं. त्यात एक स्क्रू हरवला, तो चहाच्या कपात सापडला.

तालमीत ढग वेळेवर गडगडले. शिटी मात्र पेटीतच, कारण ती एकदाही वाजली नव्हती! हंगामाच्या पहिल्या प्रयोगाआधी शेवटचा प्रवेश तालमीत करायचा नाही, ही कंपनीची रीत. आणि आईचं काम करणाऱ्या इंदुताई त्या रीतीच्या पहारेकरी.

"बाई, एकदा पडा ना!" संघपालनं विनवलं.

"प्रयोगाआधीच मले मारतं का रे?"

"शिटी उशिरा आली तं मी मरतो."

"मंग मर. शेवट लोकाइपुढंच होते."

संघपालनं चरफडत हेडफोन चढवला. थोड्या वेळानं इंदुताई मागे उभ्या.

"काऊन रे, शेवट वाजवून राह्यला का?"

"वाजवून नाई राह्यलो, मशीनले ऐकवून राह्यलो."

इंदुताईंनी विचार केला. "माह्या कानावर नाई पडलं, म्हणजे तालीम झालीच नाई." आणि कुणी आत येऊ नये म्हणून त्याच्याकडे पाठ करून दारातच बसल्या.

पहिला प्रयोग मार्कंड्याजवळच्या गावात. शेवटच्या प्रवेशात संघपालनं बटण दाबलं आणि त्याच क्षणी शिटी किंचाळली. नेहमीसारख्या ताटकळायच्या तयारीत असलेल्या इंदुताई खरोखर दचकल्या, खरोखर कोसळल्या. मंडप चिडीचूप. मग कुठूनतरी हुंदका आला. गुणवंतरावांनी नागपूरचं नाव काढलं नाही.

विंगेत इंदुताई गुडघा धरून आल्या. "मेल्या, जरा दम तं काढू द्यायचा! गुडघा फुटला माहा."

"उशिरा आली तं शिव्या, वेळेवर आली तरी शिव्या!" म्हणत संघपाल हळद शोधायला निघाला.