तोंडानं सांग की

मल्लिनाथला नुसती मान हलवलेली चालत नसे. "मालक, चहा सांगू?" असं तो विचारायचा, आणि आपण पडद्यावरची नजर न काढता मान डोलावली, तर तो तिथंच उभा राहायचा. पुन्हा विचारायचा. शेवटी आवाज किंचित चिडका करून म्हणायचा, "तोंडानं सांग की." आपण "हो बाबा, सांग" म्हणेपर्यंत तो जिन्याकडे वळत नसे. सोलापुरात 'मालक' कुणालाही म्हणतात, तेव्हा मी त्यावर हुरळून जाण्याचं कारण नव्हतं. खोली दोघांची होती आणि त्यातल्या त्यात बरी खुर्ची त्याने आधीच पटकावली होती.

शुक्रवार पेठेतली ही आमची खोली शेंगाचटणीच्या कांडपावर आहे. खाली दिवसभर धाडधाड चालू असतं, टेबल हलतं, आणि लाल मिरची घातली की वर आम्ही शिंकायला लागतो. इथं बसून आम्ही दुकानांची बिलं आणि शाळांच्या हजेऱ्या यांची सॉफ्टवेअरं लिहायचो. ते पोटासाठी होतं. गोळ्यांची आठवण करून देणारं अ‍ॅप मात्र मल्लिनाथने त्याच्या आईसाठी लिहायला घेतलं.

त्याची आई दुधनीला एकटी राहायची. घरात सगळं कानडी, बाहेर मराठी, त्यामुळे मल्लिनाथ तिला अव्वा म्हणायचा आणि ओळख झाल्यावर मीही म्हणू लागलो. तिला रक्तदाबाची गोळी होती. हा रोज संध्याकाळी फोन करून विचारायचा, ती घेतली म्हणायची, आणि रविवारी घरी जाऊन बघावं तर पाकीट जसंच्या तसं. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून याने फोनलाच बोलायला शिकवलं. वेळ झाली की फोन विचारणार, आणि हिरवं बटण दाबून 'घेतली' असं कळवल्याशिवाय गप्प बसणार नाही. थोड्या थोड्या वेळाने विचारतच राहणार. तरीही उत्तर आलं नाही तर घरच्या माणसाच्या फोनवर निरोप जाणार. मी म्हणालो, हे अ‍ॅप कसलं, हा तूच आहेस. तो खूश झाला.

मग त्याने ते सगळ्यांसाठी खुलं करून टाकलं. ज्याला हवं त्याने फुकट न्यावं, आतला कोड बघावा, बदलावा, पुढे द्यावा. निदान आपलं नाव तरी ठळक टाकू, असं मी सुचवून पाहिलं.

"देवाच्या दारात पंगत बसली की वाडप्याचं नाव कोन इचारतंय?" तो म्हणाला. "वाडायचं आनि फुडं सरकायचं. दमला की दुसऱ्यानं बादली घ्यायची. हितं कोन कायमचं हाय?"

या घाईत एक गोष्ट राहिली. तपासणीपुरता म्हणून त्याने स्वतःचाच आवाज भरला होता, कानडी आणि मराठी एका दमात: "अव्वा, गुळिगी तगोंडी? गोळी घेतली का? सांग की." मागे कांडपाची धाडधाड. नंतर नीट आवाज घालू, हे तात्पुरतं आहे, असं तो म्हणाला. आमच्या धंद्यात तात्पुरती गोष्ट सगळ्यात दीर्घायुषी असते. तोच आवाज अ‍ॅपबरोबर बाहेर पडला आणि कुठल्या कुठल्या गावांतल्या म्हाताऱ्यांना अव्वा म्हणून हाका मारू लागला. तक्रारी आल्या. मागे कोणी लाकडं फोडतंय का, असं एकीने विचारलं. एका निवृत्त गृहस्थांनी रागाने लिहिलं की मी पुरुष आहे, मला हे असं संबोधन चालणार नाही. मल्लिनाथ पोट धरून हसला. "त्यास्नी सांग, या वयाला समदी अव्वाच असत्यात." पण बदलू बदलू म्हणत त्याने ते बदललं नाही.

एका रविवारी दुधनीला गेला असताना त्याच्या छातीत दुखायला लागलं. पित्त असेल म्हणून सोडा प्यायला आणि आडवा झाला, तो उठलाच नाही. मी मातीला गेलो. तिथून निघताना काहीतरी करायला हवं म्हणून मी अव्वाचा फोन घेतला आणि निरोप जाण्याच्या जागी त्याचा नंबर काढून माझा टाकला. आवाजाचं मला तेव्हा सुचलंच नाही.

सुचलं ते कामावर परत आल्यावर. अ‍ॅपमध्ये काहीही बदललं की ते चालवून बघावं लागतं, आणि चालवलं की टेबलावरचा फोन बोलतो. "सांग की." समोर त्याची खुर्ची, खाली कांडप चालू, आणि फोनमध्येही कांडप चालू. मी आवाज बंद करून काम करायला लागलो. एकदा बंद करायचं विसरलो, आणि माझ्या तोंडून आपोआप "घेतली रे" निघून गेलं. त्या दिवशी मी कांडपवाल्याशी गप्पा मारायच्या निमित्ताने खाली जाऊन बसलो.

मग एका संध्याकाळी निरोप आला, की अव्वा उत्तर देत नाहीत. मी फोन केला, तो कापला गेला. पुन्हा केला, पुन्हा कापला. गाडी काढली आणि अक्कलकोट मागे टाकून दुधनी गाठेपर्यंत नाही नाही ते डोक्यात आलं. अव्वा दारातल्या कट्ट्यावर बसली होती. मांडीवर स्टीलचं ताट, आवाज मोठा यावा म्हणून त्यात उपडा ठेवलेला फोन. गोळ्यांचं पाकीट तिने न विचारता माझ्यापुढे धरलं. गोळी घेतलेली होती.

"मग बटण का नाही दाबलं, अव्वा?"

"दाबलं की गप होतोय त्यो," ती म्हणाली. "न्हाय दाबलं तर परत इचारतोय. मी तोंडानं सांगते की, घेतली म्हनून. त्येला ऐकू येत न्हाय, त्येला काय करायचं? तुजा फोन मदीच आला, म्हनून कापला, तम्मा, लेकरा."

मी तिला समजावून पाहिलं. उद्या तू खरंच पडलीस तरी माझ्याकडे हाच निरोप येणार; मला फरक कसा कळायचा? ती ऐकून घेत होती. मग म्हणाली, फोन करत जा की, उचलते. बटण दाबते असं काही ती म्हणाली नाही, आणि दाबच म्हणायला माझी जीभ रेटली नाही.

पुढे अ‍ॅप वापरणाऱ्या लांबच्या एका मुलीने नवा आवाज भरून पाठवला. स्वच्छ, गोड, मागे धाडधाड नाही, कुणाला अव्वा म्हणणं नाही. अ‍ॅपला हातभार लावणाऱ्या सगळ्यांचं मत पडलं की हाच घ्यावा. मी तो बरेच दिवस तसाच ठेवला. मग वाढपी, पंगत आणि बादली आठवली आणि घेतला. ज्यांना जुनाच आवाज हवा होता त्यांनी तो आपापल्या फोनवर ठेवून घेतला, काहींनी पुढे दिला. एकदा खुलं केलेलं परत गोळा करता येत नाही. आता कुठल्या गावात, कुणाच्या स्वयंपाकघरात मल्लिनाथ अजून विचारत असेल, हे मला कळायला मार्ग नाही. अव्वाच्या फोनपर्यंत मात्र मी नवं काही पोचूच देत नाही.

रोज संध्याकाळी निरोप येतो, अव्वा उत्तर देत नाहीत. रोज मी फोन लावतो. तिने उचलेपर्यंतच्या वेळात मी त्याच्या खुर्चीकडे बघत नाही. मग पलीकडून कांडपाची धाडधाड ऐकू येते, आणि ही खालची नव्हे हे मला आता ओळखता येतं.

"अव्वा, घेतली का?"

"घेतली की," ती हळूच म्हणते. "ठेव आता. त्यो बोलालाय."