उलटा खलाशी

नोकरीच्या पहिल्याच दिवशी मी खलाशाला पट्टी उलटी धरायला लावली.

खलाशी म्हणजे जहाजावरचा नव्हे. पाटबंधारे खात्यात खुणांची लांब पट्टी घेऊन शेतात उभं राहणाऱ्या माणसाला खलाशी म्हणतात. समुद्रापासून इतक्या लांब, चुडाव्याच्या काळ्या रानात सरकारला खलाशी कशाला लागतो, हे मला आजतागायत कुणी सांगितलेलं नाही. तो पट्टी धरतो आणि ओव्हरसियर, म्हणजे मी, तिपाईवरच्या दुर्बिणीतून पट्टीवरचा आकडा वाचतो. आकडा लहान आला तर तिथली जमीन उंच, मोठा आला तर सखल. त्यावरून शेतचारी, म्हणजे रानात पाणी नेणारा पाट, कुठून न्यायची, येलदरी धरणाचं पाणी कुणाच्या रानाला मिळेल आणि कुणाच्या नाही, हे ठरतं.

डिप्लोमा माझ्याकडे होता, तोही फर्स्ट क्लास. दुर्बिणीला मात्र कधी बोट लावलं नव्हतं. पॉलिटेक्निकात ती काचेच्या कपाटात असायची आणि किल्ली एका सरांच्या खिशात. त्यात शेवटच्या वर्षी विद्यापीठाच्या नामांतराच्या धामधुमीत कॉलेज वरचेवर बंद. प्रॅक्टिकल झालंच नाही, त्याचे मार्क मात्र भरभरून मिळाले. ही सबब मी पुढं बरीच वर्षं वापरली. खरं सांगायचं तर कॉलेज रोज चालू असतं तरी ते कपाट उघडलं नसतं. वरच्या वर्गातल्या पोरांचे आकडे आपल्या वहीत उतरवायचे, हीच आमची मोजणी.

तर त्या दिवशी दुर्बिणीला डोळा लावला. खलाशी डोक्यावर उभा होता. पाय आभाळात, टोपी ढेकळांत, पट्टीवरचे आकडे पालथे. डोळा काढला, तर माणूस सरळ. परत लावला, तर उलटा. येताना बांधावर माझा पाय घसरून यंत्र आपटलं होतं, ते आठवलं. सरकारी यंत्र मी मोडलं. आता नोकरी जाणार, आणि ती का गेली हे घरी सांगावं लागणार. बिघडलेल्या रेडिओला थापटावं तसं मी त्याला हळूच थापटून पाहिलं. खलाशी उलटाच.

मग एकाएकी सुचलं. लांबूनच ओरडलो, पट्टी उलटी धरा. त्यानं निमूट धरली. आधीचा साहेब काय सांगायचा, ते त्यानं बोलून दाखवलं नाही आणि विचारायची माझी छाती झाली नाही. आकडे सरळ दिसायला लागले, माझा जीव भांड्यात पडला.

पट्टीचं जमिनीवर टेकायचं शून्य आता आभाळात गेलंय, त्यामुळे उंच जागा सखल आणि सखल जागा उंच होणार, एवढं काही माझ्या डोक्यात शिरलं नाही. महिनाभर असंच मोजत नकाशा तयार झाला. त्यात चारीच्या शेवटाचं एक रान टेकाडासारखं वर आलेलं. पाणी चढणार नाही, असा शेरा मारून मी ते बाद करून टाकलं.

रानाचा मालक धनगर, वयानं माझ्या बापाएवढा. दर उन्हाळ्यात मेंढरं घेऊन मुलूखभर हिंडणं आता झेपत नव्हतं. म्हणून चारी येणार या भरवशावर त्यानं निम्मा कळप मोडून रान नीट करून घेतलं होतं. शेरा त्याच्या कानावर गेला तसा तो आला आणि समोर उकिडवा बसला.

"सायेब, पावसाळ्यात समद्या शिवाराचं पाणी माज्या रानात तुंबतंय. मंग येलदरीचंच कामून यायचं न्हाई?"

मी त्याला शास्त्र वगैरे काहीतरी सांगितलं. तो गेल्यावर गुपचूप त्याच्या रानात जाऊन आलो. खोलगट जागा, वाळलेल्या चिखलाच्या खपल्या, कडेला माजलेला लव्हाळा. एक तर मी चुकलो होतो, नाहीतर निसर्ग. मी निसर्गावर विश्वास ठेवायचं टाळलं, पण त्या दिवसापासून रोज रात्री नकाशा उघडून बघायला लागलो.

पुढं उपअभियंता साहेब तपासणीला त्याच रानात आले. धनगरही येऊन बांधावर उभा राहिला. खलाशानं जुन्या सवयीनं पट्टी सरळ धरली. आता यंत्र मोडल्याचं उघडं पडणार. साहेबांनी डोळा लावला. झटकन मागं घेतला. चष्मा पुसला, परत लावला. त्यांच्या वरच्या ओठावर घाम आला. तो चेहरा मला ओळखीचा होता, कारण तो माझाच होता. साहेब "ठीक आहे" म्हणाले आणि नकाशावर सही करायला पेन काढलं.

तोवर मला धरला जाण्याची भीती होती. आता मला कुणीच धरणार नाही याची वाटायला लागली. साहेबांच्या वर आणखी साहेब, आणि सगळे तसल्याच कुलूपबंद कपाटांसमोरून पास होऊन आलेले. ही सही झाली की तो धनगर सरकारदरबारी कायमचा टेकाडावर राहायला जाणार होता.

पेन कागदाला टेकायच्या आत मी पुढं झालो. साहेबांच्या कानाशी लागून विचारलं, "सर, तुम्हालाही उलटं दिसतं का?"

त्यांनी आधी खलाशाकडे पाहिलं, मग धनगराकडे.

"तुलाही?"

त्यांची सगळी नोकरी टेबलावर एस्टिमेटं करण्यात गेली होती. ते कपाळ चोळत राहिले आणि मग पुटपुटले, "द इमेज इज इन्व्हर्टेड." म्हणजे यंत्र मोडलंच नव्हतं, त्या दुर्बिणीत सगळं उलटंच दिसतं. हे मी परीक्षेत आकृतीसकट लिहिलं होतं, पूर्ण मार्क मिळाले होते. त्या वाक्यात एक टोपीवाला माणूस पाय वर करून उभा असतो, हे दोघांनाही ठाऊक नव्हतं.

मग पट्टी सरळच ठेवून पालथे आकडे वाचत गेलो. वाऱ्यानं पट्टी डुलली की खलाशी आभाळात लटकल्यासारखा हलत होता. रान उतरत उतरत आपल्या जागी गेलं. साहेबांनी माझा शेरा खोडला. महिनाभराच्या सगळ्या मोजण्या पुन्हा कराव्या लागणार होत्या, आणि बाकी कुणाकुणाला मी टेकाडावर चढवलंय याच धास्तीनं मी यंत्र पेटीत भरत होतो.

धनगर जवळ आला. इतका वेळ तो बांधावरून सगळं बघत होता.

"सायेब, कोण्या कॉलेजात शिकलात?"

मी मान ताठ करून पॉलिटेक्निकचं नाव सांगितलं.

"बरं झालं इचारलं," तो म्हणाला. "धाकट्याला तिथंच घालायलो होतो."