माहेनूरचा तिसरा शब्द

दापोडीत रेल्वेलाइनच्या कडेला वजीरभाईंचं गॅरेज आहे. त्यांची एक पद्धत त्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे. चाकाचा नट आवळला की त्यावर खडूची रेघ मारायची. आधी आवळायचा, मग रेघ. घाईत कुणा कारागिरानं आधीच रेघा ओढून ठेवल्या, तर वजीरभाई त्याला सगळे नट सैल करून पुन्हा आवळायला लावतात. नट घट्ट असले तरी.

माहेनूर ही त्यांची धाकटी मुलगी. पदवी झाल्यावर ती चाकणला आमच्या कंपनीत डिस्पॅच विभागात कंत्राटावर लागली. आम्ही ब्रेकचे सुटे भाग बनवतो. मी त्याच मजल्यावर हिशेब पाहतो, म्हणून हे सगळं समोर घडलेलं आहे.

मालाच्या गाडीबरोबर ग्राहकाला संगणकावरून एक फाइल जाते. तिला एक्सएमएल म्हणतात. त्या फाइलची एक नियमावली असते, डीटीडी नावाची. प्रत्येक डब्याबद्दल कोणती माहिती द्यायची, हे तिथे आधी जाहीर करावं लागतं. माहितीच्या अशा एकेका बाबीला अॅट्रिब्यूट म्हणतात : भागाचा क्रमांक, बॅच, तपासणी. कोणती बाब सक्तीची, कोणती गाळली तरी चालेल, आणि कुणी काहीच लिहिलं नाही तर काय धरायचं, हेही तिथेच ठरतं.

आधीचा माणूस नोकरी सोडून गेला आणि ही नियमावली माहेनूरकडे आली. तिनं ती घरी बसून शिकून घेतली. तपासणीपुढे दोनच शब्द चालतील असं तिनं जाहीर केलं, पास किंवा नापास, आणि ती बाब सक्तीची केली. तपासणी लिहिलेली नसेल तर फाइल तयारच होत नसे.

मार्चअखेरीला गाडी गेटवर अडकली. प्लांटचे मॅनेजर रविराज सर तडक तिच्या टेबलाशी आले. माणूस वाईट नाही. महिन्याच्या विक्रीचा फास त्यांच्याच गळ्यात असतो.

"माहेनूर, तुझ्या फाइलपायी गाडी उभी आहे."

"डबे तपासले नाहीत, म्हणून उभी आहे सर."

"तपासतात गं. लिहायला वेळ नसतो पोरांना. तू तिथे डीफॉल्ट टाक. कुणी काही लिहिलं नाही, तर पास धरायचं."

"म्हणजे न बघता पास."

"न लिहिता पास. फरक आहे."

"वाचणाऱ्याला तो फरक दिसणार नाही. त्याच्याकडे पासच पोचणार."

सरांनी खुर्ची ओढली आणि आवाज खाली आणला. "हे बघ, परमनंटसाठी तुझं नाव मीच पुढे केलंय. अजून सही व्हायचीय. कशाला आडवी येतेस?"

शेजारच्या टेबलावर स्वरूपाचे हात कीबोर्डवर थांबले. परमनंट होणं म्हणजे माहेनूरसाठी काय, हे तिला ठाऊक होतं. वजीरभाईंचे गुडघे आता खाली बसू देत नाहीत, आणि कंत्राट दरवर्षी नव्यानं मागावं लागतं.

"पास टाकायचं असेल तर मेल करा सर," माहेनूर म्हणाली. "तपासलं नाही तरी पास धरावं, असं लिहून."

"मेल कशाला? तोंडी सांगतोय ना मी?"

"तोंडी मी चहा सांगते."

स्वरूपानं तोंडावर रुमाल धरला. सर उठले. "जेवणाच्या सुट्टीआधी डीफॉल्ट पाहिजे. फाइल अडता कामा नये. बास."

"टाकते."

ती इतक्या सहज हो म्हणाली, याचं मला वाईट वाटलं.

सुट्टीआधी फाइल कुठेही न अडता तयार झाली. सर बघायला आले आणि पडद्यापुढे उभेच राहिले. पास आणि नापास यांच्या शेजारी माहेनूरनं तिसरा शब्द जाहीर केला होता : विनातपासणी. डीफॉल्ट तोच होता. ज्या डब्याबद्दल कुणी काही लिहिलं नव्हतं, तो डबा ग्राहकाकडे त्या शब्दासह जाणार होता.

"हे काय?"

"डीफॉल्ट. फाइल अडली नाही सर."

"हे पाठवू मी ग्राहकाला?"

"पाठवा. खरं आहे ते."

"काढ तो शब्द."

"माझ्या हातानं निघणार नाही. दुसऱ्या कुणाला बसवा." ती खुर्चीतून उठून बाजूला उभी राहिली.

सरांनी स्वरूपाकडे पाहिलं.

"मला नाही जमत ते, सर," स्वरूपा म्हणाली. तिला ते उत्तम जमतं. माहेनूरनंच शिकवलंय.

खुर्ची रिकामीच राहिली. शेवटी सरांनी फोन करून तपासणीची पोरं बोलावली. गाडीतले डबे उतरवून धक्क्यावर उघडले गेले, एकेक भाग मापून त्यावर हिरवा ठिपका पडला. गाडी निघायला संध्याकाळ झाली. एकही भाग वाईट निघाला नाही.

"बघ," सर म्हणाले, "सगळे पास. उगाच दिवस घालवलास."

"आता पास आहेत सर," माहेनूर म्हणाली, आणि तिनं फाइल पाठवली.

पुढच्या आठवड्यात परमनंटची पत्रं आली. तिचं आलं नाही. कंत्राट मात्र वाढलं, कारण नियमावली सांभाळायला दुसरं कुणी पुढे येईना. डबा खाताना स्वरूपा तिला म्हणाली, "काय मिळालं गं तुला? आता तरी टाक तिथे पास, आणि मोकळी हो."

माहेनूरनं भाकरीचा तुकडा मोडला.

"अब्बा नट सैल करायला लावतात, तेव्हा तो कारागीर पण हेच विचारतो," ती म्हणाली. "मी या खुर्चीत आहे तोवर तो शब्द तिथेच राहील. चटणी दे इकडे."