दोरवालीने मोजलेली वालधुनी

त्या दुपारी आम्ही दोघं ओट्यावर भिजवलेले वाल सोलत बसलो होतो. मी डाळिंब्या मोडत होतो म्हणून तिने माझ्यापुढचं ताट ओढून घेतलं. "तुमी नुसते बसा," म्हणाली. मग छातीत धरलं म्हणून आडवी झाली, ती दिवेलागणीच्या आत गेली.

माझी बायको. मला शाळा फार नाही, तेव्हा सरळ लिहितो. सगळं गाव तिला दोरवाली म्हणायचं. घागर पाण्याला टेकेपर्यंत दोर किती हात गेला, ते ती रोज मोजायची. जावा हसायच्या. ही मोजतच राहिली. माहेर कुळगावचं, नदीकाठी वाढलेली. म्हणायची, "पाणी एकच. नदीत उघडं असतं, विहिरीत पांघरूण घेऊन निजतं." मी म्हणायचो, चुलीकडे बघ.

अंबरनाथला शिवमंदिराच्या खालच्या अंगाला, वालधुनी नदीच्या काठी आमची वस्ती. फाळणीनंतर पलीकडे सिंधी लोकांची छावणी वसली. त्यातल्या एका शेटने भाजीच्या मळ्यासाठी नदीवर तेलाचं इंजिन बसवलं. भांडण नको म्हणून मी चार माणसांत नारळ फोडून शब्द दिला, नदी तुमची, विहीर आमची. फार शहाणपण केलं असं वाटलं. माघात विहिरीला दोर पुरेना. आम्ही विहीर आणखी खोल खणून दोन मोटा लावल्या, तर नदीच्या डोहात त्याच्या इंजिनाला पाणी मिळेना. तो म्हणे तुम्ही चोरलं, आम्ही म्हणू तू चोरलंस. काठ्या निघाल्या.

ही दोर खांद्यावर टाकून मध्ये उभी राहिली.

शेट म्हणाला, "भाभी, नदी हमारी, विहीर तुमची. तुम्हारे आदमीने नारळ फोडला."

"नारळ त्यांनी फोडला. पाण्याला कोणी इचारलं?"

सगळे हसले, मी सोडून. तिने दोन दिवस इंजिन आणि मोटा दोन्ही बंद ठेवायला लावलं. तिसऱ्या दिवशी दोर शेटच्याच हातात दिला. विहीर दोन हात वर आली होती. मग नुसत्या मोटा चालवल्या, तर डोह उतरून इंजिनाचा नळ उघडा पडला.

तिथेच ठरलं. एक दिवस इंजिन, एक दिवस मोट. दोर चौदा हातांपुढे गेला की दोन्ही बंद, फक्त प्यायला पाणी. आणि दरवर्षी दिवाळीनंतर गाव नि छावणी मिळून नदीला धोंडेमातीचा बांध घालायचा, म्हणजे अडलेलं पाणी विहिरीकडे मुरतं. त्यानंतर वैशाखातही आमची विहीर आटली नाही, आणि शेटचा दुधी बाजारात जात राहिला. लांबच्या वस्त्यांवरून लोक विचारायला यायचे. मी ऐटीत सांगायचो. ही मागून म्हणायची, "नारळाचं पण सांगा की."

ती गेली त्याच्या दुसऱ्याच दिवशी बांध घालायचा होता. रात्रीच तिला अग्नी देऊन आलो. सकाळी माणसं दारात आली, म्हणाली, काका, सुतक आहे, बांध पुढं ढकलू. मी म्हटलं, "सुतक माझ्या घराला. पाणी थांबलंय का? चला."

गुडघाभर पाण्यात उतरलो. सुतकातल्या माणसाला शिवायचं कसं, म्हणून आमचे लोक हातात धोंडा देईनात. शेट धोतर खोचून पाण्यात आला. "पकडा, काका," म्हणाला. मी धोंडा घेतला, तळाशी घट्ट बसवला आणि दुसऱ्यासाठी हात पुढे केला. तो धोंडा आमच्यातल्या एकाने दिला.