क्लबातलं खळं

आमच्या ह्यांना टेनिस येत नव्हतं. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचा सगळा घोळ त्या टेनिसपायी झाला. ज्या खेळापायी माणूस घर बदलतो तो खेळ निदान त्याला यावा, एवढी माझी साधी अपेक्षा होती. पुण्याला वकिलीची परीक्षा देताना ह्यांनी कुणाची तरी जुनी रॅकेट पैदा केली होती. नंदुरबारच्या कोर्टात वकिली सुरू झाली तेव्हा आमच्या दीड खोलीच्या बिऱ्हाडात देवांना कोनाडा मिळाला आणि रॅकेटला भिंतीवरची मधली खुंटी. शनिवारी मारुतीला तेल घालून झालं की मी तिच्यावरची धूळ झटकत असे.

ते बिऱ्हाड बदलायचं होतं ते माझ्यासाठी. मला तिसऱ्यांदा दिवस गेले होते. पहिलं मूल रडलंच नाही. दुसरं चार दिवस होतं. माझी आई मी लहान असतानाच गेलेली, धुळ्याला माहेर म्हणजे भाऊ आणि त्याची शिस्त. माझा सगळा भरवसा होता तो सासूबाईंवर. त्या रनाळ्याला शेतावर एकट्या राहत. अर्धं रनाळं त्यांच्या हातावर जन्मलेलं होतं आणि त्यांच्या हातचं मूल दगावलं असं कुणी कधी सांगितलं नव्हतं. आधीच्या दोन्ही वेळी मी धुळ्याला होते. या खेपेला त्या माझ्याजवळ असल्या तर हे मूल जगेल, असं मनाने धरलं होतं. मला फार भीती वाटत होती. रात्री ह्यांना सांगितलं की हे म्हणत, 'होईल सगळं नीट,' आणि कूस बदलत.

पण दोनदा हात पोळलेले, म्हणून पाचवा महिना संपेपर्यंत कुणाला सांगायचं नाही असं ह्यांनी ठरवलं होतं. सासूबाईंनाही नाही. त्यांना नुसतं म्हणायचं, तुम्ही आता एकट्या राहू नका, आमच्याकडे या. त्या म्हणाल्या, 'घर दखाडा.' घर दाखवा, मग बघू. झालं, आमची घरं पाहणं सुरू झालं.

दर बाजाराच्या दिवशी त्या गाडीतून येत, आणि आम्ही तिघं घरं बघायला निघत असू. पहिलं घर एका रंगाऱ्याचं होतं. खाली त्याचे कापड रंगवायचे हौद, वर तीन खोल्या, मागे गच्ची. म्हातारा मुसलमान गृहस्थ इतका अदबीचा, की त्याने सासूबाईंना बसायला पाट आणि प्यायला गूळपाणी दिलं. त्या पाणी प्यायल्या, त्याच्या नातीच्या तोंडावरून हात फिरवला आणि बाहेर येऊन म्हणाल्या, 'आठे जिना शे. नको.' पासष्टीची बाई, शेतातल्या माळ्यावर सरसर चढणारी! तिला दहा पायऱ्यांचा जिना खुपला.

दुसऱ्या घराची विहीर खोल निघाली. तिसऱ्याच्या मागच्या खोलीत अंधार. चौथ्याचा उंबरा उंच. पाचव्याच्या शेजारी कल्हईवाल्याची भट्टी, तिचा धूर. सहाव्या घरात काय खोट होती ते त्यांनी सांगितलंसुद्धा नाही, नुसती मान हलवली. मी घरी येऊन पातेली आपटली. मुलीसाठी स्थळं बघताना माणसं एवढी नाकं मुरडत नाहीत. माझे महिने सरत चालले होते आणि या बाईला उंबरा उंच वाटत होता.

अशात एका संध्याकाळी हे फार खुशीत घरी आले. गावाबाहेर, स्टेशनच्या पलीकडे, साहेबलोकांचं बघून वकील-डॉक्टरांनी एक क्लब काढला होता. त्याच्या मागे एका कापसाच्या जिनवाल्या शेटजींनी सहा टुमदार बंगल्या बांधल्या होत्या. त्यातली एक रिकामी झाली होती. बंगली फक्त क्लबच्या सभासदाला मिळे, आणि सभासद व्हायला पांढरी पाटलोण लागे. ह्यांनी पाटलोण आधीच शिवायला टाकली होती. म्हणजे घर ठरलंच होतं, मला विचारणं तेवढं राहिलं होतं.

क्लबचे चिटणीस म्हणजे एक पेन्शनीत निघालेले मामलेदार. त्यांनी आम्हाला बंगली दाखवली. दाखवली म्हणजे काय, तर पत्त्यांचं टेबल दाखवलं, इंग्रजी वर्तमानपत्रं दाखवली, वेताच्या आरामखुर्च्या मोजून दाखवल्या. मी म्हटलं, 'स्वैपाकघर बघते.' ते म्हणाले, 'असेल की मागे.' होतं. धूर जायला वाट नव्हती, आणि चूल अशा कोपऱ्यात घातलेली की भाकरी थापणाऱ्या बाईची पाठ दाराला घासावी. विहिरीचं विचारलं तर म्हणाले, पाणी मुबलक आहे, फक्त दुपारी टेनिसच्या कोर्टावर शिंपण होतं, तेवढं झाल्यावर बंगल्यांनी भरावं. मी विचारलं, 'बायकांनी क्लबात यायचं का?' ते हसून म्हणाले, 'वर्षातून एकदा चहा असतो.'

मला संताप आला होता. हे मात्र दाराशी उभे राहून कोर्टाकडे असे बघत होते की मी काही बोलले असते तरी ते ऐकू गेलं नसतं.

पुढच्या बाजारी सासूबाई आल्या. त्यांनी बंगलीत नुसतं डोकावलं आणि मागच्या दाराने बाहेर पडल्या. समोर ते कोर्ट. मुरूम आणि माती घालून, पाणी मारून, रूळ फिरवून केलेली सपाट जमीन. खडा नाही, गवताची काडी नाही. भोवती गुराढोरांनी शिरू नये म्हणून तारेची जाळी. त्या दिवशी मधलं जाळं धुवायला काढलेलं होतं, नुसते दोन लोखंडी खांब उभे होते. सासूबाई जाळीशी थांबल्या. वहाणा काढल्या. आत गेल्या आणि वाकून जमिनीवरून तळहात फिरवला.

'हाई खये कोन्हं शे?' त्यांनी विचारलं.

खान्देशात खळ्याला खये म्हणतात. शेतकऱ्याच्या बाईला एवढी चोपून, शिंपून, राखून ठेवलेली जमीन दिसली तर ती खळंच समजणार, दुसरं काय समजणार? दाणा जिथे मळायचा त्या जागेखेरीज इतकी मेहनत कुणी कशावर करतं, हे त्यांनी जन्मात कधी पाहिलं नव्हतं. त्याच वेळी ह्यांनी सांगायला हवं होतं. हे म्हणाले, 'आपलंच समज, माय.'

'दोन दोन मेढी कसाले?' खळ्याच्या मधोमध बैल फिरवायला मेढ असते ती एकच. त्यांना ते दोन खांब समजेनात.

'मोठं खये शे ना,' हे म्हणाले. वकील माणूस. अडलं नाही.

मी बोलायला तोंड उघडलं होतं. पण उन्हात चालून आल्यामुळे मला घेरी आली आणि मी ओट्याच्या पायरीवर मटकन बसले. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं, परत खळ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, 'बरं शे. आठेच ऱ्हासूत.'

सात घरांनंतर तो होकार ऐकला आणि मी तोंड मिटलं. ह्यांचा खोटेपणा मी पन्नास वेळा लोकांना सांगितला आहे. माझा सांगत नाही, पण होता.

पौषात आम्ही राहायला गेलो. सासूबाई गाडी भरून आल्या. ज्वारीची पोती, लसणाच्या माळा, आणि मळ्यातल्या ओल्या लाल मिरच्यांची चार ठिकी. ह्यांनी मला बजावलं, की एकदोन दिवसांत मी मायला सगळं समजावून सांगतो, तू मध्ये पडू नकोस. दुसऱ्या दिवशी हे वकिलीच्या कामाला कोर्टात गेले. मी बंबाला विस्तव घातला आणि मागच्या दारी येऊन बघते तर सासूबाईंनी खळ्याची पूजा केलेली. दोन्ही खांबांना हळदीकुंकवाची बोटं, मध्ये नारळ फोडलेला, चुन्याच्या पांढऱ्या रेघांच्या आत पाण्याची धार सोडलेली. त्या रेघा कुणीतरी फार सुबक काढल्या आहेत, असंही त्या म्हणाल्या. आणि मग चारी ठिकी ओतून, जाळीपासून जाळीपर्यंत, त्यांनी मिरच्या पसरल्या.

सासूबाईंना मी आत्याबाई म्हणे. म्हटलं, 'आत्याबाई, संध्याकाळी इथे माणसं येतात.'

'येऊ दे ना,' त्या म्हणाल्या.

मी सांगू शकले असते. सगळा दिवस माझ्या हातात होता. दुपारी माळी शिंपायला आणि जाळं बांधायला आला, त्याला सासूबाईंनी फाटकातूनच परत लावलं. मी भाजी निवडली, दोनदा, आणि ह्यांची वाट पाहिली. त्या दिवशी ह्यांचं कोर्टातलं काम लांबलं, आणि हे आले ते घाईने पाटलोण चढवून, रॅकेट घेऊन, मी बोलायच्या आत पुढच्या दाराने क्लबात. मागे काय मांडून ठेवलं आहे याची ह्यांना गंधवार्ता नाही.

पाच वाजता मंडळी आली. मुन्सफ, सरकारी डॉक्टर, दोन वकील, चिटणीस आणि आमचे हे. सगळे पांढरेशुभ्र, पायांत कॅनव्हासचे जोडे. सासूबाई जाळीच्या फाटकात उभ्या होत्या. त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि सांगितलं, 'जोडा काढीसन या भाऊ. खये शे हाई.'

खळ्यावर जोडा घालून कुणी जात नाही. रनाळ्यात पाटलानेसुद्धा हे कधी केलं नसतं. त्या सहा जणांत एक डॉक्टर तेवढे खेड्यात वाढलेले असावेत, त्यांनी खरोखर वाकून जोड्याची नाडी सोडायला घेतली. चिटणीसांचा चेहरा मात्र मिरच्यांच्या रंगावर गेला. त्यांनी माळ्याला हाक मारली आणि खराट्याने सगळं झाडून टाकायला सांगितलं. माळ्याने दोन हात मारले न मारले तोच असा खकाणा उडाला की मुन्सफांसह सगळा क्लब डोळे पुसत खोकायला लागला. मला इतकं हसू आलं, की दाराला धरून उभी राहिले. ते हसू अजूनही आठवतं, कारण त्यानंतर त्या घरात मी हसले नाही.

चिटणीसांनी खोकत खोकत विचारलं, 'ही बाई कोण? वकीलसाहेब, तुमच्या बंगलीतली का?'

हे जाळीच्या बाहेर उभे होते. आईपासून चार हातांवर. हे म्हणाले, 'आमच्या गावच्या एक बाई आहेत. त्यांना समजत नाही.'

सासूबाईंना शुद्ध मराठी बोलता येत नसे. समजत सगळं असे. त्यांनी ह्यांच्याकडे पाहिलंही नाही. खाली बसून त्या झाडलेल्या मिरच्या मुठीमुठीने ठिक्यात भरू लागल्या. मी गेले आणि त्यांच्याबरोबर भरू लागले. डॉक्टर, एका पायातला जोडा सुटलेला, तेही थोडा वेळ भरत होते. खाली मान घालून त्या मला एवढंच म्हणाल्या, 'तुले माहीत व्हतं?'

'हो, आत्याबाई.'

त्या संध्याकाळी त्या जेवल्या नाहीत. ह्यांनी बरीच वकिली केली. क्लबचे नियम असे असतात, तोंडातून निघून गेलं, त्याचा अर्थ तसा नव्हता. मी ह्यांना म्हटलं, 'तुमच्या जन्मात तुम्ही एवढीच एक सर्व्हिस धड मारलीत, आणि ती आईला.'

सकाळी गाडीवान गाडी जुंपून दारात आला. सासूबाईंनी चढून पोती एका बाजूला लोटली, कडबा पसरला, त्यावर एकावर एक तीन गोधड्या अंथरल्या. एकट्या बाईला तीन गोधड्या कशाला, हे मला त्या वेळी सुचलं नाही. मी वाकून नमस्कार केला. माझं सगळं संपलं होतं. रागवाव्यात, दोन शब्द बोलाव्यात, असं वाटत होतं.

त्या म्हणाल्या, 'खयासाठे ऊनू का मी? तुन्हं तोंड दखीसन हा म्हनं. कितला महिना, ते माले दिसस. तू एक डाव बी बोलनी का, माले भ्याव वाटस म्हनीसन?'

खळ्यासाठी नाही, माझं तोंड बघून त्यांनी होकार दिला होता. आणि भीती वाटते, असं मी एकदाही बोलले नव्हते. सात घरं दाखवली. विहिरी दाखवल्या, खोल्या दाखवल्या, दुसऱ्याचं खळं आपलं म्हणून दाखवलं. जे सांगायचं ते सोडून सगळं दाखवलं. क्लबचा माळी पाण्याचे डबे घेऊन उभा होता, शेजारच्या बंगलीतल्या बाई खिडकीतून बघत होत्या. मी त्या सगळ्यांच्या देखत, रस्त्यात, मोठ्याने म्हणाले, 'आत्याबाई, मला फार भीती वाटते.'

त्यांनी हात पुढे केला.

हे ओट्यावरून म्हणाले, 'अगं, आणि या घराचं काय?' मी कमरेची किल्ली काढून ह्यांच्या हातात दिली आणि म्हटलं, 'पाटलोण तुम्ही शिवलीत, घरही तुम्हीच सांभाळा.' मग चाकावर पाय ठेवून वर चढले.

सासूबाईंनी गाडीवानाला बैल हळू घ्यायला सांगितलं. मला म्हणाल्या, 'धरीसन बठ.'