आमच्या गळाला काय काय लागलं

मासेमारी करणाऱ्यांच्या घरात मासे कमी आणि किस्से जास्त साठतात, हे मी अनुभवाने सांगतो. आमच्याकडे तर मासे साठायचा प्रश्नच नाही, कारण आम्ही पकडलेला मासा परत पाण्यात सोडतो. मग हाताला उरतं काय? गप्पा! माझी बायको म्हणते, "रिकामी पिशवी घेऊन येता अन् तोंड भरून बोलता." तिचंही बरोबर आहे.

आमचं मंडळ तिघांचं. मी जबलपूरच्या खमरियात राहतो, अजून तिथल्या दारूगोळ्याच्या फॅक्टरीत नोकरीला आहे. तिवारीजी रेल्वेतून रिटायर झालेले, अंगाने आडवे, पांढऱ्याशुभ्र झुपकेदार मिशांचे. आणि आमचे म्होरके नाना. नानांनी फॅक्टरीत तपासणी विभागात उभी हयात काढली. केसाएवढा फरक दिसला तरी माल परत! नंतर अधारतालला स्वतःच्या घरात राहायचे. त्यांना खोटं बोलता येत नाही, आणि दुसऱ्याचं खोटं सहनही होत नाही. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

नाना रिटायर झाले तेव्हा पुण्याच्या मुलाने त्यांना फ्लाय फिशिंगचा रॉड पाठवला. नानांच्या बायकोने, म्हणजे आमच्या काकूंनीच, त्याला फोन केला होता, "बाबांना काहीतरी उद्योग लाव, दिवसभर माझे डबे मोजून राहिले." नाना पक्के शाकाहारी. अंड्याचं टरफल पाहिलं तरी दूर सरकणारे. त्यांच्या हातात मासे पकडायचा रॉड म्हणजे पहिला धक्का तिथेच बसला.

*

साध्या गळाला कणिक नाहीतर गांडूळ लावतात. फ्लाय फिशिंगमध्ये तसं काही नसतं. हुकावर पिसं, लोकर, दोरा गुंडाळून एक खोटा किडा करायचा, त्याला म्हणायचं फ्लाय. तो फुंकरीने उडेल इतका हलका. मग लांब जाणार कसा? तर दोरीच जाडजूड आणि वजनदार असते. रॉड मागे न्यायचा, दोरी पाठीमागे हवेत पूर्ण सरळ होईपर्यंत थांबायचं, आणि मग पुढे फेकायची. सगळी कला त्या थांबण्यात आहे.

नाना ती कला घरासमोरच्या मैदानात शिकले. हुकाऐवजी टोकाला लोकरीचा तुकडा बांधायचा आणि गवतावर दोरी फेकत राहायचं. महिनाभर रोज सकाळी एक गृहस्थ कोरड्या मैदानात मासे पकडताहेत, हे सगळ्या गल्लीने पाहिलं.

एकदा शेजारच्या शर्मा दीदी हळूच काकूंकडे आल्या. त्यांनी दार लावून घेतलं, काकूंचा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "भाभी, शरमाना मत. मेरे जेठजी को भी रिटायर होने के बाद ऐसा ही हुआ था. सिविल लाइंस में एक डॉक्टर हैं, गोली से फरक पड़ता है."

काकू चाट पडल्या. नाना खिडकीतून ऐकत होते. आत येऊन शांतपणे म्हणाले, "डॉक्टरचा नंबर घेऊन ठेव. तिवारीजी पण शिकून राहिले."

*

तिवारीजींना त्या थांबण्याचीच अडचण. मागे दोरी सरळ व्हायच्या आत ते पुढे ओढतात, मागे काय आहे तेही बघत नाहीत.

गौर नदीवर आमचा एक ठरलेला डोह आहे. तिथे एका रविवारी त्यांनी रॉड मागे नेला, पुढे ओढला, आणि दोरी पुढे येईना. उलट मागेच निघाली. दोरी गुंडाळायचं चाक, म्हणजे रील, किंचाळायला लागलं. आमच्या छंदात प्रत्येकाचं एकच स्वप्न असतं, की असा मासा लागावा जो सगळी दोरी पळवून नेईल आणि रीलच्या तळाशी गुंडाळलेला राखीव धागा दिसेल. तिवारीजींचा तो धागा त्या दिवशी पहिल्यांदा दिसला.

शेळी लागली होती. शेपटाच्या केसांत फ्लाय घेऊन ती टेकाड चढत होती, मागून तिवारीजी रॉड उंच धरून पळत होते, आणि त्यांच्या मागून शेळीची मालकीण काठी घेऊन. मी इतका सुन्न झालो की मदत करायचंही सुचलं नाही.

हुकाला उलटा काटा असतो, तो आम्ही पक्कडीने दाबून टाकतो, म्हणजे मासा सोडताना त्याला इजा होत नाही. त्यामुळे शेळीही सहज सुटली. म्हातारीने मात्र आम्हाला सोडलं नाही. "नदिया उधर है," ती काठीने दाखवत म्हणाली, "अंधरे हो का?"

*

त्याच डोहावर मला एकदा चांगला हातभर मासा लागला. काठावर एक गाववाला बसून सकाळपासून बघत होता. मासा जाळीत आला तसा तो उठून जवळ आला. मी हात ओले केले, कारण कोरड्या हाताने माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो. हुक काढला, मासा पाण्यात धरला, सोडला.

तो माणूस मटकन खाली बसला. बराच वेळ पाण्याकडे बघत राहिला. मग अगदी दुःखाने म्हणाला, "हम तो आपको पढ़ा-लिखा समझे थे."

*

फ्लाय बांधायला कोंबडीच्या मानेवरची पिसं लागतात. हे कळलं तेव्हा नाना दोन दिवस जेवले नाहीत धड. शेवटी मनाचा हिय्या करून अधारतालच्या मेन रोडवर चिकनच्या दुकानासमोर जाऊन उभे राहिले. नाकाला रुमाल, हातात पिशवी.

आणि नेमके इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीचे सेक्रेटरी तिथून स्कूटरवर चालले होते!

संध्याकाळपर्यंत बातमी सगळीकडे झाली. त्या वर्षी प्रसादाचं काम नानांकडे होतं. मंडळाच्या दोन बायका काकूंकडे आल्या. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर एकीने विषय काढला, "नाना आजकाल बाहेर... म्हणजे... काही खातात का हो?"

काकू भाजी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "कोंबडी नाही खात. तिचे फक्त कपडे आणतात."

*

त्या पिसांच्या फ्लाय नाना स्टीलच्या छोट्या डबीत ठेवत. काकूंची बडीशेपेची डबी तश्शीच. आता पुढचं तुमच्या लक्षात आलंच असेल.

पुण्याचे व्याही पहिल्यांदा जबलपूरला आले होते. भेडाघाटचा धबधबा बघून झाला, जेवण झालं, काकूंनी डबी पुढे केली. व्याही बोलण्याच्या नादात होते, न बघता चिमूट घातली आणि बोटाला हुक घेऊन हात वर आला. त्याला लोंबकळणारा केसाळ काळा किडा बघून विहीणबाई खुर्चीवर चढल्या. काकूंना तर घेरीच यायची बाकी होती. नाना धावत पक्कड घेऊन आले आणि हुक काढताना म्हणाले, "घाबरू नका, काटा दाबलेला आहे."

विहीणबाई खुर्चीवरूनच म्हणाल्या, "आमच्याकडे बडीशेप देतात."

*

आता मिशीकडे येतो.

नानांना एक फ्लाय डोक्यात बसली होती. अंगाला मरून रंगाची लोकर आणि वर ताठ पांढरे केस, पाण्यात भिजूनही उभे राहतील असे. लोकर घरातच मिळाली. काकू नातवासाठी स्वेटर विणत होत्या, त्यातला थोडा धागा नानांनी न विचारता कापला. केस मिळेनात. बकरीचे झाले, ब्रशचे झाले, सगळे पाण्यात लोळायचे. एका रविवारी चहा पिता पिता नाना तिवारीजींच्या तोंडाकडे टक लावून बघायला लागले.

"तिवारीजी, एक चुटकी दे दो."

तिवारीजींचा कप हातातच राहिला. "नाना, जान माँग लो. ये मूंछ शादी के टाइम की है."

पण नानांनी पिच्छा सोडला नाही. शेवटी तिवारीजींनी डोळे मिटले आणि नानांनी डाव्या बाजूच्या थोड्या केसांना कात्री लावली. पुढे कितीतरी दिवस तिवारीजी लोकांशी उजवी बाजू पुढे करून बोलत होते. फ्लाय मात्र झकास झाली.

*

ती फ्लाय नानांनी पहिल्यांदा टाकली तेव्हा मी आणि तिवारीजी वरच्या टपरीवर चहाला गेलो होतो. परत आलो तर नाना कमरेपर्यंत ओले, खडकावर बसलेले.

"लागला होता," ते म्हणाले. "एवढा." त्यांनी खांद्यापासून बोटांपर्यंत अख्खा हात दाखवला. "महसीर मासा. फ्लाय घेऊन दोरी तोडून गेला."

तिवारीजी हसत सुटले. समोरच्या काठावर बाभूळ आहे, आमच्या निम्म्या फ्लाय तिथेच लटकलेल्या असतात. "नाना, वो मछली नहीं, बबूल होगा."

"मी पाहिला, तिवारीजी. पाण्याबाहेर आला होता."

"अच्छा? तो सुन लो. जिस दिन वो मछली अपनी आँख से देख ली, मूंछ मुंडवा दूँगा."

मीही हसलो. त्या डोहात एवढा मासा आम्ही कधी पाहिलाच नव्हता.

घरी वेगळंच चालू होतं. काकूंना लोकर कमी पडली. "कुठं गेली म्हणते मी?"

"माशाच्या तोंडात आहे."

"मासा सुटला म्हणता अन् लोकर त्याच्यापाशी!" काकू हसल्या. त्या हसल्या म्हणून नाना जास्त दुखावले. रागावल्या असत्या तर चाललं असतं.

त्यानंतर नाना गप्प गप्प राहायला लागले. मुलाने पुण्याला कायमचं बोलावलं होतं, सामानाची बांधाबांध सुरू झाली होती. एका संध्याकाळी मला म्हणाले, "विनायक, आयुष्यात एक खोटा माल पास नाही केला. आता जबलपूर सोडून चाललो, तर मागं लोक म्हणतील, नाना गप्पा मारून गेला." मग म्हणाले, "अन् दुसरं सांगू? घाईघाईत त्या हुकाचा काटा दाबायचा राहिला होता. त्या बिचाऱ्याच्या तोंडात अजून रुतून असेल. मला घास नाही गिळवत."

त्यांचं पहिलं दुःख मला खरं वाटत नव्हतं, आणि दुसरं ऐकून गलबलून आलं.

*

सामानाचा ट्रक यायच्या आधीचा शेवटचा रविवार. डोहावर आम्ही तिघंच. नाना वरच्या अंगाला उभे राहून मन लावून दोरी फेकत होते, काही लागत नव्हतं. तिवारीजी खाली, मी त्यांच्यापाशी.

तिवारीजींची दोरी एकदम ताणली आणि रील किंचाळलं. मी आधी मागे वळून पाहिलं. शेळी नव्हती.

मग पाण्यातून तो वर आला. सोनेरी, ताटलीसारखे खवले, अख्ख्या हाताएवढा. रॉड कमानीसारखा वाकला, राखीव धागा दिसला, परत आत गेला, परत दिसला. शेवटी दमून तो काठाला आला आणि मी जाळी खाली घातली.

तिवारीजी पक्कड घेऊन वाकले आणि तसेच राहिले.

"क्या हुआ?" मी विचारलं.

मीही वाकून पाहिलं. त्यांची फ्लाय वरच्या ओठाला होती. जबड्याच्या कोपऱ्यात आणखी एक होती. हुक गंजलेला. मरून लोकर. वर ताठ पांढरे केस, अजूनही उभे.

तिवारीजींचा हात आपोआप मिशीच्या डाव्या बाजूला गेला.

नाना पाण्यातून चालत आले. त्यांनी पाहिलं, पण आमच्याकडे बघितलंसुद्धा नाही. हात ओले केले, तिवारीजींच्या हातून पक्कड घेतली आणि दोन्ही हुक काढले. जुन्या हुकाला वेळ लागला. ते माशाला हळू आवाजात म्हणत होते, "झालं, झालं राजा, झालं." मग प्रवाहाकडे तोंड करून त्याला पाण्यात धरून ठेवलं. त्याने शेपटी हलवली आणि तो गेला.

आमचे फोन काठावर पिशवीत होते. फोटो काढायचं तिघांनाही सुचलं नाही.

अधारतालला काकूंनी ती फ्लाय तळहातावर घेतली, आतून स्वेटर आणला, शेजारी धरून पाहिला. "लोकर माझीच आहे," त्या म्हणाल्या. मग नानांकडे बघून, "मी हसायला नको होतं." नानांनी नुसती मान हलवली आणि जेवायला वाढ म्हणाले. त्या दिवशी ते दोनदा भात घेऊन जेवले. तिवारीजी मात्र चहाही न घेता घरी गेले होते.

ट्रक भरत होता त्या सकाळी ते आले. तोंडाला रुमाल बांधलेला. मला वाटलं, दाढ दुखत असेल. अंगणात नानांसमोर उभे राहून त्यांनी रुमाल सोडला.

काकूंनी तोंडाला पदर लावला. मी हातातली खुर्ची खाली ठेवली. इतक्या वर्षांत तिवारीजींचा वरचा ओठ मी पहिल्यांदा बघत होतो, आणि तो लहान मुलासारखा होता.

नाना म्हणाले, "अहो तिवारीजी, मी कधी म्हटलं होतं..."

तिवारीजींनी खिशातून बडीशेपेच्या डबीसारखीच एक स्टीलची डबी काढली आणि नानांच्या हातात ठेवली. झाकणाच्या फटीतून ताठ पांढरे केस डोकावत होते.

"रख लो, नाना," ते म्हणाले. "पुणे में ऐसा माल नहीं मिलेगा."