उजवी कळी

देवाचा निरोप मी आयुष्यात एकदाच उलटा सांगितला. त्याबद्दल त्याने मला शिक्षा केली नाही, उलट वाचवलं, आणि तेच मला अजून पचत नाही. इतकी वर्षं हे मनात ठेवलं होतं, आता लिहून टाकतो.

आमचं गाव शिरूर तालुक्यात, निमोण्यापासून जवळ. मी लहान असतानाच आई पोटात पाणी होऊन गेली. माझ्याहून चौदा वर्षांनी मोठ्या दादांनी मला वाढवलं, आयटीआयला घातलं, साखर कारखान्यात फिटर केलं. दोन हजार सालानंतरच्या एका उन्हाळ्यात दादांचे डोळे पिवळे दिसू लागले. झाडपाला झाला, काविळीची माळ झाली, पथ्य झालं. शेवटी शिरूरच्या डॉक्टरांनी रक्त तपासून सांगितलं की ही साधी कावीळ नव्हे, बी प्रकारची आहे. विषाणू वर्षानुवर्षं अंगात बसून लिव्हर खातोय, बहुधा जन्मताना आईकडूनच आला असावा. पुण्यातल्या एका मोठ्या दवाखान्यात या विषाणूवरच्या नव्या गोळीची ट्रायल सुरू होती. डॉक्टरांनी चिठ्ठी लिहून दिली. लिव्हर बरं आहे तोवरच घेतील, उशीर करू नका, आणि भावानेही रक्त तपासून घ्यावं, असं त्यांनी बजावलं.

पण ट्रायल हा शब्दच माझा वैरी होता. कारखान्यात गळीत हंगामाआधी मशिनरीची ट्रायल घेतात. वाफ सोडायची आणि कुठे गळतंय, काय फुटतंय ते बघायचं. अशाच एका ट्रायलीत माझ्या शेजारी पाइप फुटला आणि माझ्या जोडीदाराचा चेहरा भाजला. तेव्हापासून नुसती वाफेची शिट्टी ऐकली तरी मी दोन पावलं मागे सरायचो. ही भीती कबूल करायची लाज वाटायची, म्हणून मी ट्रायलीचीच थट्टा केली. "मशिनची ट्रायल घेत्यात. माणसाची घेत्यात व्हय?" असं पारावर चारचौघांत म्हणालो. सगळे हसले. दादा हसले नाहीत.

ते भैरवनाथाचे भक्त. त्यांना देवळाच्या पायऱ्या चढवत नव्हत्या, म्हणून मला म्हणाले, "तू जा आन् नाथाला कौल लाव. उजवी दिली तर जायाचं, डावी दिली तर ऱ्हायलं." आमच्याकडे गुरव देवाच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या कळ्या चिकटवतो. आधी उजवी गळाली तर होकार, डावी गळाली तर नकार. मी हात जोडून उभा राहिलो. नाथाने फार वेळ घेतला नाही. उजवी कळी टपकन खाली पडली. गुरवाने ती उचलून माझ्या हातावर ठेवली आणि म्हणाला, "चांगलं झालं."

ती कळी मी वाटेतल्या ओढ्यात टाकली. घरी येऊन दादांना सांगितलं, "डावी पडली." त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "बरं."

पाच महिने गेले. दादांचे पाय सुजले तेव्हा डॉक्टरांनी मला एकट्याला बोलावून फैलावर घेतलं आणि पुन्हा चिठ्ठी दिली. दादांची फाईल आणि वर ती चिठ्ठी मांडीवर घेऊन मी कामावर निघालो होतो. शिरूर-दौंड एसटीत शेजारी एक वयस्कर चाचा बसले होते, दौंडला त्यांचं शिलाईचं दुकान होतं. चिठ्ठीवरचं दवाखान्याचं नाव वाचून ते म्हणाले, "हितं तर मीबी जातो, पावणं. दीड साल झालं, ह्याच काविळीची गोळी चालू हाय." मी विचारलं, गोळी नवी का? ते हसले. "काहींना नवी देत्यात, काहींना नुसती दिसायला तशी, औषध नसलेली. मला कुठली, ठाऊक न्हाई. डाक्टरलाबी ठाऊक नसतं. वरच्याला ठाऊक. पण दर खेपेला रक्त बघत्यात, आन् नको वाटलं तर कवाबी सोडता येतं. उद्या माझी तारीख हाय, चला संगं."

त्या बसमध्ये पन्नास माणसं होती आणि माझ्या शेजारी नेमके हेच बसले. मी त्याचा अर्थ लावत नाही. घरी गेलो आणि दादांना दुसरं खोटं सांगितलं, की कौल परत लावला, या वेळी उजवी पडली. दादा पुन्हा "बरं" म्हणाले.

दुसऱ्या दिवशी चाचा दौंड स्टेशनवर आमची वाट बघत उभे होते. दवाखान्यात एका मॅडमनी मराठीतला कागद तासभर वाचून समजावला. आम्हा दोघांचंही रक्त घेतलं. पुढच्या आठवड्यात निकाल सांगितला. दादांच्या पोटात पाणी साठू लागलं होतं, ट्रायलीच्या नियमात ते बसत नव्हते. माझ्या रक्तातही तोच विषाणू होता, आणि मी बसत होतो. चार-पाच महिन्यांपूर्वी आले असते तर, असं मॅडम बोलून गेल्या. मला तोंड लपवायला जागा सापडेना. दादांनी पेन माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "कर सही."

थंडीत दादा अंथरुणाला खिळले. एका दुपारी अंगणात ऊन खात पडले असताना मी त्यांचे पाय धरले आणि सगळं सांगितलं. उजवी कळी, ओढा, दोन्ही खोटी. दादांनी डोळे मिटलेलेच ठेवले.

"मला ठावं हाय," ते म्हणाले. "गुरव त्याच सांजेला अंगारा घिऊन आला व्हता."

"मग गेला का न्हाई तुम्ही?"

"तू लई भेदरला व्हतास. मी तसाच गेलो असतो तर जन्मभर माझ्याम्होरं मान वर केली नसतीस. म्हटलं, तुझ्याच तोंडनं उजवी येऊ दे, मग जाऊ." त्यांनी पांघरूण वर ओढलं. "तुला जरा उशीर झाला, एवढंच."

संक्रांतीनंतर दादा गेले. मी दोन वर्षं गोळी घेतली. रोज सकाळी ती तोंडात टाकताना, ही खरी की नुसती, मला माहीत नसायचं. मी म्हणायचो, नाथा, तू देशील ते. हे म्हणायला मला फार उशिरा आलं. ट्रायल संपल्यावर दवाखान्याने कळवलं, माझी खरी होती. माझं लिव्हर आज बरं आहे. त्या चाचांचे आणि नाथाचे उपकार मी विसरत नाही, आणि दादांचे कुठे ठेवू ते मला कळत नाही.

आता मी कौल लावत नाही. देवाला विचारणं सोपं असतं, त्याने सांगितलेलं जसंच्या तसं घरी नेणं मला जमलं नव्हतं. पण गावी गेलो की गाभाऱ्याशी उभा राहतो. गुरव कोणासाठी तरी कळ्या लावत असतो. कौल लावणाऱ्याच्या घरची माणसं देवळाबाहेर थांबलेली असतात. कळी पडली की गुरवाच्या आधी मीच त्यांना ऐकू जाईल असं मोठ्याने सांगतो, कोणती पडली ते.